चेंडूगाडी

कानाजवळ फाडकन आवाज झाला, जाळी थरथरली आणि मामांनी भोंगा दाबला.

लांब छपराखाली ओळीने उभे असलेले लोक हसले. एकाने टोपी काढून वर धरली. मामांनी आतून हात हलवला. बाहेरून तो कुणालाच दिसत नव्हता, पण सवयीने हलवला.

गोल्फच्या त्या मैदानाला लागून सरावाची रेंज होती. मंडळी छपराखाली उभं राहून चेंडूमागून चेंडू मारायची आणि ते पुढच्या गवतात विखरून पडायचे. ते गोळा करायची एक बुटकी गाडी होती, ती मामा चालवत; तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत. तिच्या पुढे चकत्यांचा रूळ होता. गवतावरून तो फिरला की चेंडू चकत्यांमध्ये अडकायचे आणि टोपल्यांत पडायचे. गाडीला चहूबाजूंनी दाट लोखंडी जाळी आणि समोर जाड प्लास्टिकची काच होती. चेंडू लागून लागून त्या काचेवर इतके चरे पडले होते की ती पार दुधाळ झाली होती. डोळ्यांपुढचा एक तुकडा मामा रोज घासून ठेवत. तेवढ्यातून त्यांना बाहेरचं दिसे, बाहेरच्याला मात्र आतला अंधारच दिसे. जाळी लागायचीच, कारण गाडी आली म्हणून कुणी मारायचं थांबत नसे. उलट समोर काही हलताना दिसलं की माणसाचे हात शिवशिवतात. एरवी ज्यांचा चेंडू धड सरळ जात नसे, त्यांचाही नेम गाडी दिसली की सुधारायचा.

भोंग्याची रीत मामांनीच पाडली होती. ते गाडीवर नवे असताना एका म्हाताऱ्या साहेबांचा चेंडू जाळीवर बसला आणि मामांनी गंमत म्हणून भोंगा वाजवला. म्हातारा लहान मुलासारखा हरखला. मग सगळ्यांनाच तो हवा झाला. पुढे एकदा डोकं दुखत होतं म्हणून मामांनी वाजवला नाही, तर ऑफिसातून विचारणा झाली, गाडी बिघडली का म्हणून. आपल्या पायावर आपणच मारून घेतलेला धोंडा, दुसऱ्या कुणाला काय बोलणार?

टोपल्या भरल्यावर मामा शेडमध्ये आले. चेंडू धुवायचं मशीन खडखडत होतं. लहान मुलांना शिकवणारा कोच दारात उभाच होता.

"मामा, तुमची मुलगी केवढी आहे हो?"

"सहा संपून सातवं लागलंय. का?"

"सुट्टीत लहान मुलांचं शिबिर घेतोय. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी एक जागा ठेवायला लावली मी ह्या वेळी. पैसे नाहीत, काही नाही. पाठवा तिला." आणि नको म्हणायला सवड न देता त्याने गोल्फची एक छोटीशी काठी मामांच्या हातात ठेवली. "ही घेऊन जा. घरात जरा हात फिरवू दे."

कोच भला माणूस होता. त्याला काय ठाऊक, की ही भलाई मामांच्या गळ्याशीच येणार आहे?

कारण घरी ही गाडी कुणाला माहीतच नव्हती. लग्न झालं तेव्हा मामा मैदानावर गवत कापायच्या मोठ्या मशीनवर होते आणि घरच्या हिशेबी ते अजून तिथेच होते. मधल्या काळात नवी मशिनं आली, ती चालवायला शिकलेली तरुण पोरं आली आणि मामांना जाळीत बसवलं गेलं. पगार तोच राहिला, म्हणून घरी सांगायची वेळही आली नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता लेक बोलायला लागली. शाळेत बाई विचारायच्या, बाबा काय करतात? ही सांगायची, माझे बाबा एवढं मोठ्ठं मैदान एकटे कापतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मामांनी ती इतकी वर्षं घट्ट दाबून धरली होती.

काठी शेडमध्येच ठेवून यायचं त्यांनी ठरवलं होतं. पण बापाचं मन. संध्याकाळी ती पिशवीतून घरात आलीच.

लेकीला घरात बारकी म्हणत. बारकीने काठी पाहिली, मोज्यांचा बोळा करून तो जमिनीवर ठेवला आणि कुणी काही सांगायच्या आत फटका मारला. बोळा खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला आणि कपाटावर आदळला. मामा बघतच राहिले. रोज एवढे लोक मारताना त्यांनी पाहिले होते. अंग इतकं मोकळं सोडून मारणारं त्यात क्वचितच कुणी असे. आनंदाने त्यांनी बोळा उचलून पुन्हा तिच्या पायाशी आणून ठेवला.

"कुणी दिली?" बायकोने विचारलं. ती एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. दिवसभर चादरींच्या घड्या घालून तिचे हात खांद्यातून भरून आलेले असत.

मामांनी शिबिराचं सांगितलं.

"फुकट?"

"हो."

"मग घोडं कुठे पेंड खातंय? तोंड का पाडलंय असं?"

"लहान आहे गं अजून. ऊन असतं."

"शाळेच्या मैदानात काय सावली असते?"

"मोठ्या घरची मुलं येणार तिथे. हिला काहीबाही बोलतील."

"बोलू देत. हिच्याही तोंडात जीभ आहे, चांगली हातभर." बायको बसली होती ती उठून समोर आली. "अहो, मला आयुष्यात कुणी काही प्रेमाने शिकवलं नाही. चादरीची घडीसुद्धा शिव्या खाऊन शिकले. हिला एक माणूस आपणहून बोलावतोय, आणि तुम्ही ऊन काय काढताय? खरं काय ते सांगा. आमची लाज वाटते का तुम्हाला तुमच्या साहेबांसमोर?"

"वेडी आहेस का?"

"मग?"

मग काय, ते मामांना सांगता येईना. लाज होती, पण ती त्यांची स्वतःची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पाठवावी, तर बाप जाळीत बसतो हे पोरीला कळणार. न पाठवावी, तर आत्ता ज्या पोरीने बोळा असा सरळ मारला तिच्या हातून काठी काढून घ्यायची, आणि ती कशासाठी, तर बापाची अब्रू राहावी म्हणून. बारकी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. काठी तिने पाठीमागे लपवली होती, कुणी परत मागितलीच तर म्हणून.

"बघतो," मामा म्हणाले.

"बघा," बायको म्हणाली. "तुमचं बघून होईस्तोवर पोरीचं लग्न होईल."

दुसऱ्या दिवशी मामांनी कोचला बाजूला घेतलं. शिबिराच्या आठवड्यात सकाळची गाडी दुसऱ्या कुणाला देता येईल का, असं विचारलं.

"दुसरा आहेच कोण, मामा? दुपारचा माणूस सोडून गेला, माहितीये ना तुम्हाला? का, सुट्टी हवीये?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली. नंतर सगळं भडाभडा बोलून टाकलं. गवताच्या मशीनचं, शाळेतल्या बाईंचं, सगळं. बायकोला जे सांगता आलं नाही ते ह्या परक्या पोराला सांगून ते उघडे पडल्यासारखे उभे राहिले.

कोचने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मग मी काय करू?"

"तिला कळू देऊ नका. आत मी असतो ते. एवढंच करा."

"नाही कळणार. शब्द देतो तुम्हाला."

मामांना हलकं वाटलं. संध्याकाळी त्यांनी घरी सांगून टाकलं, पाठवू म्हणून. बायकोने बारकीच्या बुटांना पांढरा रंग दिला. बारकी त्या रात्री काठी उशाशी घेऊन झोपली.

शिबिराच्या सकाळी मामांनी लेकीला फाटकापाशी कोचच्या हवाली केलं. "बाबा, तू तिकडे कापत असशील ना?" तिने मोठ्या मैदानाकडे बोट दाखवलं. मामा हो म्हणाले आणि मागच्या वाटेने शेडमध्ये जाऊन जाळीत बसले.

एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती, आणि ती न यायला ते काही नवखे नव्हते. मोठ्या माणसांचे चेंडू लांब पडतात, लहान मुलांचे पायापाशी. गाडी चेंडू पडतात तिथेच न्यावी लागते. इतकी वर्षं ज्यांचे चेहरे ठिपक्याएवढे दिसायचे, त्या छपराच्या अगदी पुढ्यात आज गाडी न्यायची होती. मुलं ओळीने उभी होती. बारकी शेवटून दुसरी. पांढऱ्या बुटांवरून त्यांनी ती लगेच ओळखली.

पहिल्या फेरीला कुणाचा तरी चेंडू चुकून जाळीला लागला. हात आपला भोंग्यावर गेला. मुलं किंचाळली, नाचली, आणि मग काय विचारता, कोच काय शिकवतोय ते कुणी ऐकेना, सगळ्यांना गाडीच मारायची होती. फटाफट चेंडू बसू लागले. मामा भोंगा वाजवत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

बारकी मात्र मारत नव्हती. काठी जमिनीला टेकवून ती नुसती उभी होती. शेजारच्या मुलाने तिला कोपराने ढोसलं, तिने मान हलवली. कोच तिच्याजवळ गेला. ती गाडीकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. आतून ऐकू येण्यासारखं नव्हतं, ओठ तेवढे हललेले दिसले. कोच तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. एकदा गाडीकडे बघून तो तिच्या कानाशी काहीतरी म्हणाला. बारकी हसली. तिने काठी उचलली.

अंग तसंच मोकळं सोडून मारलं तिने. चेंडू सरळ आला आणि मामांच्या तोंडासमोरच्या काचेवर, घासून ठेवलेल्या त्या तुकड्यावर बसला.

मामांचा हात उठेना. मुलं भोंग्याची वाट बघत होती. बारकी चवड्यांवर उभी राहून बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरायला लागला. लागला नाही की काय, असं तिला वाटलं असणार. तेवढं मात्र मामांना सोसवलं नाही. त्यांनी भोंगा दाबला आणि बराच वेळ दाबून ठेवला. बारकीने उडी मारली, कोचने तिच्या पाठीवर थाप दिली. जाळीत बसून मामा रडत होते. काय मारलाय पोरीने, असंही त्यांना रडता रडता वाटत होतं.

संध्याकाळी मामा घरी पोचले तेव्हा बारकी आईला सगळं रंगवून सांगत होती. मामा दाराशी बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"सगळ्यात जोरात माझाच लागला, आई! आधी मी मारतच नव्हते. मला वाटलं आत माणूस आहे, त्याला लागेल. पण मग सर म्हणाले, आत कुणी नसतं. गाडी आपोआप चालते."

कोचने शब्द पाळला होता. पुरेपूर पाळला होता.

"आपोआप कशी चालेल?" आई म्हणाली.

"चालते! बाबा रोज तिथेच असतो, त्याला विचार. बाबा, असतं का रे कुणी आत?"

नाडीची गाठ सुटत नव्हती. मामा तिच्याशी झटत राहिले. कालपर्यंत सांगता आलं असतं. चार दिवस लाज वाटली असती, बायको रुसली असती आणि मग विसरली असती. कालपर्यंत ते खोटं एकट्या मामांचं होतं. आता खरं सांगायचं तर पोरीला हेही सांगावं लागणार, की तू मारलास तो बापाला. माणूस आहे, त्याला लागेल, एवढं ज्या लेकराला आपलं आपण कळलं होतं, त्याला हे सांगायचं. ती पुन्हा काठीला हात लावणार नाही, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. सांगायची वाट कायमची बुजली होती, आणि ती बुजवायला मामा स्वतः कोचचे पाय धरायला गेले होते.

"सांग ना, बाबा."

"नाही," मामा म्हणाले. "कुणी नसतं."

"बघ! मग उद्या पण मारू?"

"मार की."

बायको मामांकडे बघत होती. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा ती उठून पानं घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी वारा उलटा होता. लहान मुलांचे चेंडू निम्म्या वाटेतच बसत होते. मामांनी गाडी छपराकडे वळवली, कालच्यापेक्षाही जवळून नेली, आणि ओळीत शेवटून दुसऱ्या पोरीसमोर आल्यावर वेग कमी केला.