पाणकावळ्याने उभं राहावं

"रानदौडीत आपला संघ दुसरा!" खेळाच्या मास्तरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. "वार्तापत्राच्या पहिल्या पानावर घाला हं, मायनिर."

"संघ किती होते?"

"आता ते कशाला?"

"किती?"

"दोन," असं म्हणून ते तोंड पाडून निघून गेले.

ती बातमी मी चौथ्या पानावर टाकली. एकतीस वर्षं मी या शाळेच्या कचेरीत हजेरीचं काम करते आहे, आणि वर्ष संपताना घरोघरी जाणारं वार्तापत्रही माझ्याच गळ्यात पडतं. शंका घेण्याचाच मला पगार मिळतो. नेमक्या रग्बी सामन्याच्या दुपारी दात दुखणारी मुलं मी ओळखते. पालकांच्या चिठ्ठ्या उजेडात धरून सह्या ताडून पाहते. मुलं पाठीमागे मला पोलीसबाई म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

माझा विश्वास होता तो फक्त मिसेस हमफ्रिस यांच्यावर. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्या कुठल्या दुसऱ्या परगण्यातून येऊन वरच्या डोंगरातल्या शेवटच्या घरात राहायला लागल्या होत्या. त्यांची मुलगी ब्रिआलेन दहावीत. वर्षात त्रेचाळीस दिवस गैरहजर, आणि हजर असली तरी बाकावर डोकं टेकून झोपलेली. पण प्रत्येक गैरहजेरीच्या सकाळी आठला आईचा फोन ठरलेला. आवाज खालचा आणि थोडा खरखरीत, आणि वेल्श बोलणं असं की ऐकत राहावं. हल्लीची माणसं अर्धं वाक्य इंग्रजीत टाकून मोकळी होतात, त्या तसं कधी करत नसत. एप्रिलमध्ये एकदा म्हणाल्या, "आज धुकं इतकं दाट आहे, मिस प्यू, की बसपर्यंत जायला शेजाऱ्याकडून रस्ता उसना आणावा लागेल. आणि शेजारी तर आम्हाला नाहीच." कारणाच्या रकान्यात मी एरवी दोन अक्षरांवर लिहीत नाही. त्या दिवशी ते अख्खं वाक्य लिहून ठेवलं.

या वर्षी शाळेचा आयस्टेडफॉड, म्हणजे आमचा गाण्या-कवितांचा मेळा, मार्चमध्ये झालाच नाही. ऐन सेंट डेव्हिडच्या सणाच्या आठवड्यात सभागृहाचं छत गळायला लागलं आणि गाणी, नाच, कविता असं सगळं जुलैत, शाळेच्या वर्षाच्या शेवटच्या दिवसावर गेलं. कवितेचा विषय होता 'रस्ता'. कविता टोपणनावाने द्यायची, खरं नाव बंद पाकिटात. ती पाकिटं दर वर्षी माझ्या कुलपात असतात. कोण जिंकलं हे मुख्याध्यापकांनासुद्धा माहीत नसतं. तुतारी वाजते, टोपणनाव पुकारलं जातं, आणि अंधाऱ्या सभागृहात ते पोर आपल्या जागी उभं राहतं. सुतारकामाच्या मुलांनी बनवलेली बक्षिसाची खुर्ची मग कायमची त्याच्या घरी जाते. आमच्याकडे लोक घरातला टीव्ही विकतील, पण तशी खुर्ची विकणार नाहीत.

सोमवारी परीक्षकांचा निकाल आला. 'पाणकावळा' पहिला. वार्तापत्रासाठी मी कविता टाइप करायला घेतली आणि सातव्या ओळीवर माझी बोटं थांबली. धुक्याच्या सकाळी रस्ता उसना आणावा लागतो, असं तिथे लिहिलं होतं.

मी रजिस्टर काढलं. एप्रिलचं पान. तेच शब्द, माझ्याच अक्षरात.

पुढे जे केलं ते मी एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. किटलीच्या वाफेवर पाकीट धरलं आणि उघडलं. आत ब्रिआलेन हमफ्रिस हे नाव होतं.

म्हणजे कविता आईने लिहिली होती. मला इतका राग आला की चहा तसाच गार झाला. राग मुलीचा होताच, त्याहून जास्त त्या बाईचा होता. जिच्यावर म्हणून विश्वास ठेवला तीच अशी निघाली.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. वॉटकिन सर निरोपसमारंभासाठी केकचे तुकडे कसे पुरवायचे या विवंचनेत होते.

"टोपणनावामागे कोण आहे हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"ते जाऊ द्या हो. चोरी चोरीच आहे."

"मायनिर, एका ओळीवरून? घरात आई बोलते तेच पोरांच्या तोंडात बसतं."

"एक ओळ मी पकडली. बाकीच्या किती असतील?"

"चार दिवस राहिलेत वर्षाचे. नका ना उकरून काढू."

त्यांनी पुन्हा केकात डोकं घातलं. मी मात्र हट्टाला पेटले होते. बुधवारी ब्रिआलेन शाळेत आली तेव्हा तिला कचेरीत बोलावलं. किरकोळ पोर, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, हात कामाने लाल झालेले.

"पाणकावळा कोण?" मी विचारलं.

ती बाह्या खाली ओढायला लागली.

"बोल ना. सगळा वर्ग म्हणतो तू हुशार आहेस, फक्त जागी नसतेस."

"पाकीट तुम्ही फोडलंत, मिस?"

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही तुझी आई. एप्रिलमध्ये, फोनवर. आणि ही तुझी कविता."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, सापडली!

"कविता माझी आहे," ती म्हणाली.

"मग हे आईच्या तोंडी कसं?"

तिने रजिस्टर माझ्याकडे परत सरकवलं.

"मी त्यांनाच विचारते. आत्ता फोन लावते."

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेरचं टाइपिंग थांबलं. मग हळू आवाजात, "आईला नका विचारू, मिस. तिला बरं नाही."

"परवाच तर बोलल्या माझ्याशी. ठणठणीत होत्या." मी रजिस्टर मिटलं. "शुक्रवारी तू सभागृहात बसलीस की मी इकडून फोन करणार. म्हणजे तुला मध्ये पडता येणार नाही. कविता तुझी असेल तर खुशाल उभी राहा."

ती निघून गेली. आपण बिनतोड बोललो, याचाच मला आनंद होता.

शुक्रवारी अकरा वाजता सगळी शाळा सभागृहात गेली. मी कचेरीत एकटीच होते. नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली, मी मोजायचं सोडून दिलं इतकी. मग कुणीतरी फोन उचलला. आधी काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, नंतर नुसता श्वास.

"मिसेस हमफ्रिस? मी शाळेतून मायनिर प्यू. खरं सांगा, ही कविता लिहिली कोणी?"

पलीकडून एक आवाज आला. त्याला शब्द म्हणता येणार नाही. घशातून वर यायची धडपड चाललेली, तोंडात वळण न घेणारी. माझ्या काकांना पक्षाघाताचा झटका आल्यानंतर तसाच आवाज यायचा. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पुन्हा तीच धडपड झाली, पुन्हा श्वास, आणि मग फार वेळाने निघालं, "ब्री."

त्यापुढे काही आलं नाही.

दोन वर्षं दर फोनला मी "कशा आहात" असं जिला विचारत होते, ती ही नव्हती. तो खरखरीत आवाज, ते वेल्श, तो उसना रस्ता, सगळं त्या पंधरा वर्षांच्या पोरीचं होतं. घरी एक मावशी असते अशी शाळेच्या कागदावर नोंद होती. फोन उचलायला ती आली नव्हती, म्हणजे ती आता तिथे नसणार आणि आईचं सगळं ही पोरच करत असणार. ब्रिआलेनने खरं सांगितलं असतं तर कविता तिची ठरली असती, आणि आई सोमवारी कुठल्यातरी शुश्रूषागृहात गेली असती, ती स्वतः परक्यांच्या घरी. आणि मी तिला विचारत होते की हे आईच्या तोंडी कसं!

मी धावले. या वयात धावणं शोभत नाही, पण धावले.

सभागृहात अंधार होता. रंगमंचावर खुर्ची, तिच्याशेजारी वॉटकिन सर झग्यात. तुतारी वाजून गेली होती.

"पाणकावळ्याने, आणि फक्त पाणकावळ्यानेच, उभं राहावं!"

दिव्याचा झोत डोक्यांवरून फिरायला लागला. पोरं माना वळवून बघत होती. झोत ब्रिआलेनवर आला, जरा थांबलासा वाटला, पुढे गेला. ती हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. दुसरी तुतारी झाली. मी दाराशी उभी होते. ओरडले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत. मग फोनही निघाला असता आणि आईही. तिसरी, शेवटची तुतारी झाली. कोणीतरी खिदळलं. वॉटकिन सर माझ्याकडे बघत होते, मी खाली बघितलं. शेवटी ते म्हणाले की खुर्ची यंदा रिकामी राहील, आणि लगेच वाद्यवृंद सुरू झाला.

साडेबाराला ब्रिआलेन कचेरीत आली. लवकर घरी जायचं असेल तर माझ्या वहीत सही करावी लागते.

"उठायला हवं होतंस," मी म्हणाले.

"तुम्ही फोन करणार होतात ना? उभी राहिले असते तर चौकशी घरापर्यंत आली असती."

"केला."

तिचं पेन थांबलं. "उचलला तिने?"

"हो."

"मी सांगितलंय तिला, वाजू दे म्हणून." ती वहीकडेच बघत होती. "निकाल कळवायला केला असेल असं वाटलं असणार तिला. वाटच बघत होती."

मला तिच्याकडे बघवेना. "ब्रिआलेन, माझं चुकलं. फार वाईट चुकलं. माझ्या तोंडून कुणालाही काही कळणार नाही."

"पाकीटही बंदच राहायचं होतं, मिस," ती शांतपणे म्हणाली.

तिने सही केली, दप्तर उचललं, दारापर्यंत गेली आणि वळली.

"ती काही म्हणाली का?"

"मी विचारलं, कविता कोणी लिहिली. त्या म्हणाल्या, ब्री."

"बोलली? असा शब्द?"

"अगदी स्पष्ट."

ब्रिआलेन चौकटीला धरून उभी राहिली. "दोन वर्षांत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता," ती म्हणाली. "आणि मी घरी नव्हते."

बस यायला अजून वीस मिनिटं होती. तरी ती धावतच गेली.