पुढची तुकडी

“खोली आमची, लाईट आमची, पाणी आमचं. तुमी निस्तं शिकवायचं. मग एक पोरगी आमच्या घरातली घेतली तर काय बिघडलं, मॅडम?”

सरपंच शिवपुत्र हसतच बोलत होते. धमकीचा सूर नव्हता, तरी श्रीदेवीनं हातातली यादी मिटली.

मुरूम गावाजवळच्या एका खेड्यात एका संस्थेनं आणि ग्रामपंचायतीनं मिळून मुलींसाठी रुग्णसेविकेच्या प्रशिक्षणाचा वर्ग काढला होता. केंद्राची जबाबदारी श्रीदेवीकडे होती. दारोदार हिंडून तिनं मुली जमवल्या होत्या. एकच जागा उरली होती आणि ती तिनं निकिताला कबूल केली होती. निकिताचा बाप रामकिसन आधी उंबऱ्यावरूनच परतवायचा. शेवटी एकदा कंटाळून म्हणाला, “तुमच्या शब्दावर थांबतो. नायतर औंदा तिचं लगीन उरकायचं व्हतं.”

आणि आता त्याच जागेवर सरपंचांची पुतणी महेश्वरी.

पंचायतीनं खोली काढून घेतली तर सगळ्याच मुली घरी बसतील, असं श्रीदेवीनं स्वतःला समजावलं. ते खोटंही नव्हतं. तिनं महेश्वरीचं नाव घातलं.

निकिता दारात भांडी घासत होती. श्रीदेवी तिच्याजवळ उकिडवी बसली. “पुढच्या तुकडीत तुझंच नाव पहिलं. माझा शब्द आहे.”

“व्हय मॅडम,” निकिता म्हणाली आणि हातातलं पातेलं पुन्हा घासू लागली. ते आधीच लख्ख झालेलं होतं.

संस्थेच्या कार्यालयात फोन करून ‘एक खुर्ची वाढवून द्या’ म्हणता आलं असतं. वर्ग सुरू झाल्यावर श्रीदेवीला हे सुचलं. तेव्हाही उशीर झाला नव्हता. पण साहेब वैतागतील, नियम दाखवतील, या धास्तीनं तिनं फोन केला नाही.

पुढची तुकडी निघालीच नाही. सरपंचांची मुदत संपली, प्रशासक आले, खोलीचा करार पुन्हा झालाच नाही आणि संस्थेनं आपला पसारा दुसऱ्या जिल्ह्यात हलवला. श्रीदेवी उमरग्याला एका औषधाच्या दुकानात कामाला लागली. गाव सोडताना निकिताला सांगून यावं असं तिला फार वाटलं होतं. काय सांगायचं ते ठरेना, म्हणून गेली नाही.

बऱ्याच वर्षांनी श्रीदेवीची सासू दवाखान्यात होती. सलाईन लावायला आलेली परिचारिका म्हातारीचा हात चोळत, गोड बोलत शीर शोधत होती. सुई टोचलेली म्हातारीला कळलीसुद्धा नाही. मग ती वळली आणि श्रीदेवीकडे बघतच राहिली.

“मॅडम, मी महेश्वरी. तुम्ही घेतलंत म्हणून आज इथं हाय मी.”

पोरगी कामाची निघाली होती. तिच्यावर राग धरावा एवढीही सोय राहिली नव्हती. श्रीदेवीनं निकिताचं विचारलं.

“तिचं त्याच साली लगीन झालं की. नवरा ऊसतोडीला असतो. औंदा ढोकीकडं हायेत म्हणं, तिची आई सांगत व्हती.”

सासू घरी आल्यावर श्रीदेवी ढोकीला गेली. विचारत विचारत ऊसतोड चालू होती त्या शेतापर्यंत पोचली. निकितानंच तिला लांबून ओळखलं. डोक्याचं फडकं सोडून, हात पुसत ती आली.

“मॅडम, उन्हात कशाला आलात? फोन केला असता तर मीच आले असते.”

खरं तर दोघींजवळ एकमेकींचा नंबरही नव्हता. निकितानं उसाच्या ट्रॉलीच्या सावलीत पोतं अंथरलं, तांब्या पुढं केला. तिच्या बोटांना उसाच्या पात्यानं चिरा पडल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती हळूच म्हणाली, “मॅडम, एक विचारू? नणंद हाय माझी. बारावी झाली, हुशार हाय. तुमच्या पुढच्या तुकडीत तिचं नाव घ्याल का?”

श्रीदेवीनं तांब्या खाली ठेवला. “तुकडी नाही गं आता. तुमच्या गावातला वर्ग तेव्हाच बंद पडला. एकच तुकडी झाली.”

“म्हंजी पुढची निघालीच न्हाय?”

“नाही. मी येऊन सांगायला हवं होतं. तेव्हाच तुला बसवायला हवं होतं. एक खुर्ची वाढवा म्हणून मी साधं विचारलंसुद्धा नाही.”

निकितानं पुढ्यातली माती बोटानं सारखी केली. “मला वाटायचं, गावातली खोली बंद झाली तरी दुसरीकडं तुकड्या निघतात अन् मलाच बोलवत न्हाईत,” ती म्हणाली. “काय चुकलं माझं, असं लई दिवस वाटायचं. माझे वडील बी तसंच म्हणायचे. बरं झालं सांगितलंत.”

“नणंदेचं मी बघते,” श्रीदेवी घाईनं म्हणाली. “महेश्वरीला विचारते, कुठं प्रवेश—”

“बघा. पण तिला आत्ताच काय बोलू नका. नक्की झालं तरच सांगा.”

तिकडून नवऱ्यानं हाक मारली. निकितानं डोक्याला फडकं गुंडाळलं. खाली पडलेली उसाची मोळी उचलू लागायला जवळ कुणी नव्हतं. श्रीदेवी उठली आणि तिनं एका टोकाला हात लावला. ओझं अंदाजापेक्षा फार जड होतं. निकितानं गुडघा टेकून ते डोक्यावर घेतलं, मान ताठ केली आणि ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून ती चढू लागली. फळी मधोमध वाकली. निकिता क्षणभर थांबली, तोल सावरला आणि मागं न बघता वर गेली.