भुतांचं इंग्रजी

प्रताप नगरात आमच्या लाइनीत कुणाकडे तार आली की ती आधी आमच्या घरी यायची, मग ज्याची त्याला कळायची. कारण आमचे हे, मार्तंड मास्तर, शाळेत इंग्रजी शिकवायचे. कुणाचा अर्ज, कुणाच्या औषधाच्या बाटलीतला कागद, सगळं यांच्याकडे. "मास्तरले इचारा" म्हटलं की विषय संपला. सगळ्या लाइनीत यांचा मान होता तो तेवढ्यासाठीच. पण त्यातली मेख फक्त मला माहीत होती. यांना इंग्रजी वाचता येई, लिहिता येई. ऐकून मात्र ओ की ठो कळत नसे. साहेबाच्या तोंडचं इंग्रजी कानावर पडलं की हे चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा निघाला की मी समजायचे, गाडी रुळावरून घसरली.

पंच्याऐंशी साली शेजारच्या गोपाळरावांनी रंगीत टीव्ही घेतला आणि आषाढातल्या एका रविवारी दुपारी भाड्याने व्हिडिओ आणला. दोन हिंदी पिक्चर आणि पोरांसाठी म्हणून तिसरी कॅसेट, भुतांचं कार्टून. सगळी लाइन सतरंजीवर येऊन बसली. पडद्यावर एक पडका गड. त्यात सुळेवाला एक राजा, अर्धा माणूस अर्धा लांडगा, आणि पट्ट्या गुंडाळलेलं एक मढं. सगळे एकमेकांच्या अंगावर धडपडत होते आणि फाडफाड इंग्रजी बोलत होते.

"काय म्हणून राहिला गा हा सुळेवाला, मास्तर?" गोपाळरावांनी विचारलं.

यांनी चष्मा काढला. 

"तो म्हणते," सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत हे म्हणाले, "भाजीत लसूण काहून टाकला? मले चालत नाही म्हणून शंभरदा सांगतलं."

अशी हसली सगळी लाइन! झालं, यांना चेव आला. लांडगा न्हाव्याच्या नावाने बोंबलू लागला, मढं धोब्याशी भांडू लागलं. पोरं लोळत होती. मीही हसले असते, पण तेवढ्यात माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली.

दारात गोपाळरावांची नवी सून पुष्पलता उभी होती. भिलाईची पोर, कॉन्व्हेंटात शिकलेली. यांनी तोंड उघडायच्या आधीच ती हसत होती. म्हणजे हिला सगळं समजत होतं! मग हे बोलले की यांच्याकडे बघून पुन्हा हसत होती.  तिने एक शब्द काढला असता तर यांची जन्माची अब्रू त्या सतरंजीवर सांडली असती.

तसं त्या पोरीचंही काही बरं चाललेलं नव्हतं. माघात लग्न झालं. आषाढ लागला तशा लाइनीतल्या नव्या सुना रीतीप्रमाणे आखाडीला माहेरी गेल्या, हिला मात्र धाडलं नव्हतं. तिच्या सासूबाई प्रयागबाईंचे गुडघे दुखायचे. "मंग माह्यं कोण पाहीन?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्याच सकाळी नळावर पोरीचे डोळे सुजलेले पाहिले आणि चहा पिताना मी यांना सांगितलंही होतं.

आणि पिक्चरमध्ये नेमकी नवी नवरी आली. अंगभर टाके घातलेली, गडाच्या खिडकीशी बसून रडत होती. एक म्हातारी डाकीण तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी लांबलचक बोलली. 

"ते म्हातारी काय म्हणून राहिली, मास्तर?" या वेळी विचारणाऱ्या खुद्द प्रयागबाई होत्या.

यांनी पुन्हा चष्मा काढला. पुसायला बराच वेळ लावला.

"म्हणते, रडू नको वं पोरी. मीही कधी नवी सून होती. आखाड लागला. माह्या गुडघ्यांचं मी पाहून घेईन. जाय, आठ दिवस मायजवळ राहून ये."

डाकिणीचे गुडघे! मी डोळेच मिटले. पण प्रयागबाईंनी पदराने नाक पुसलं. "डाकीण असून किती समजदार आहे वं बाई," त्या म्हणाल्या.

पुष्पलता मात्र हसली नाही. यांच्याकडे एकटक पाहत राहिली. आता संपलं, असं म्हणून मी चुलीवरच्या दुधाचं निमित्त काढलं आणि यांना उठवून घरी आणलं. घरी आल्यावर यांना चांगलं झाडलं. "एका पोरीच्या जिभेवर इज्जत टांगून आलात!" हे वर्तमानपत्र वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुष्पलता दारात उभी राहिली. "काका आहेत?"

मी दार अडवूनच उभी राहिले. "काहून वं?"

"उद्याच्या गाडीनं भिलाईले चालली, काकू. नमस्कार करायचा होता. सासूबाईंनीच धाडलं. म्हणाल्या, डाकिणीले समजते अन् मले समजत नाही का?"

माझा जीव भांड्यात पडला. तिला जवळ घेतलं तर मलाच रडू आलं आणि त्यातच हसूही. ती कुणाला काही बोलली नव्हती, बोलणारही नव्हती.

नमस्कार झाल्यावर यांनी तिला हळूच विचारलं, "पोरी, ते म्हातारी खरं काय म्हणत होती वं?"

पुष्पलताने माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"ते म्हणत होती काका, आता तू आमची झाली. या गडातून कोणी जिवंत परत जात नाही."

 यांनी चष्म्याला हात लावला नाही. मग तीस वर्षांच्या मास्तरकीत कधी कबूल केलं नव्हतं ते कबूल केलं.

"बरं झालं," हे म्हणाले, "मले समजलं नाही."