अंड्याची टरफलं

मुलगा आणि सून जेवताना इंग्रजीत शिरले की आई ताटात मान घालायची. चौथीत शाळा सुटलेली बाई. नवऱ्यामागे इस्त्रीचं दुकान एकटीनं ओढलं, कॉलर बघून माणूस ओळखायची. गिऱ्हाइकांच्या तोंडून सुटे इंग्रजी शब्द पुष्कळ जमवले होते, पण दोन शब्द एकमेकांना चिकटले की हातातून निसटायचे. सून एकदा डेडलाइन डेडलाइन करत होती, तेव्हा हिला वाटलं, ऑफिसात कुणीतरी गेलं.

माझ्याच घरात माझ्या डोक्यावरून बोलतात, म्हणजे बोलतात तरी काय? हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना.

वरच्या मजल्यावर एक टायपिस्ट राहायचे, निवृत्त, एकटे. सदरे टाकायला आले की ती इस्त्री फिरवता फिरवता अर्थ विचारायची आणि घरात अवाक्षर काढायचं नाही, अशी तंबी द्यायची.

"वहिनी, या भाषेत शब्द जोडले की माहेर विसरतात," ते म्हणाले.

"आमच्या सूनबाई निदान फोन तरी करतात माहेरी."

ते हसले. आपण डोळ्यांत तेल घालून जागतो म्हटलं, तर इंग्रज साहेब आपल्याला डॉक्टरकडे नेईल, म्हणाले. तेव्हापासून तिला धीर आला.

हळूहळू टेबल उलगडत गेलं. बर्नआउट म्हणजे राबून राबून माणूस आतून विझतो ते. तो सुनेला झाला होता. मुलगा आपल्या साहेबाच्या नकला करायचा. आपला मुलगा इतका विनोदी आहे, हे आईला पहिल्यांदाच कळलं. मराठीत तो तिच्याशी गॅस आणि गोळ्यांपलीकडे बोलत नसे. ती मान खाली घालून हसू गिळायची आणि ताट रिकामं झालं तरी बसून राहायची.

मग एका संध्याकाळी सून दबक्या आवाजात म्हणाली, या घरात रोजचं वॉकिंग ऑन एगशेल्स. मुलानं नुसती मान डोलावली.

टायपिस्ट सदरे न्यायला आले, तेव्हा आईनं ते तसंच्या तसं त्यांना ऐकवलं. ते सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. एखाद्याच्या रागाला भिऊन बाकीचे पाऊलसुद्धा जपून टाकतात, त्याला तसं म्हणतात, एवढं सांगून ते सदरे न घेताच गेले.

ती दिवसभर धुमसली. जिभेला हाड नसतं, तिच्या तर नव्हतंच. जेवताना सुनेनं चमचा जरा हळू ठेवला, तेवढं निमित्त पुरलं.

"माझ्या घरात अंड्याची टरफलं पसरलेली नाहीत. नीट पाय टेकून चाला."

मुलाचा घास हातात राहिला. सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आई, तुम्हाला कळतं?"

"सगळं. थंडी सुरू झाल्यापासून."

त्या रात्री ती राणीसारखी झोपली.

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर स्वच्छ मराठी आली. आई, वाढू का. आई, मीठ ठीक आहे ना. प्रत्येक वाक्य कडक इस्त्रीचं, कुठे चुणी नाही. ताटं उचलली की दोघं खोलीत जायची, दार लागायचं आणि आतून त्याच्या नकला, तिचं खळखळून हसणं ऐकू यायचं. शब्द मात्र लाकडातून येत नव्हते. आई कान देऊन बसायची, मग आपली आपणच टेबल पुसायची.

टायपिस्ट नवा वाक्प्रचार घेऊन आले, तर म्हणाली, राहू द्या, आता कुणासाठी शिकू.

माफी मागणं तिच्या रक्तात नव्हतं. पण एकदा दोघं उठायच्या बेतात असताना तिनं पाण्याचा पेला उगाच सरकवला.

"अगं, ते फॉलोअप म्हणजे काय असतं गं? फोनवर म्हणत होतीस."

अर्थ तिला कधीचा पाठ होता. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग खुर्चीच्या कडेवर टेकली आणि सावकाश सांगितलं, एखाद्या कामाचा पाठपुरावा करणं, आई.

"असं होय. मला मेलीला कुठलं कळतंय इंग्रजी. ऐकलं ते अर्धंमुर्धंच."

आई वाट पाहत राहिली. मग सून हलकेच उठली, खुर्ची आवाज न करता आत सरकवली आणि विचारलं, "आई, तुमचं झालं असेल तर ताट उचलू?"