ग्लास जरा बरोबरीनं धर

अरे, ज्याओ मिनची गंमत ऐका! चीनमधल्या चांगशाच्या विद्यापीठात पोरीचा प्रबंध अडकलेला. विषय काय, तर कन्फ्यूशियसनं सांगितलेल्या गुरू-शिष्याच्या नात्यात आजची समता बसते का. मिन म्हणे, बसते. डीन थान म्हणे, "मग यात गुरूचा मान कुठंय?" आणि सहीच करेनात. सही नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर हातातली प्राध्यापकी गेली!

म्हणून तिच्या मार्गदर्शकांनी, बियान सरांनी, डीनना जेवायला बोलावलं. ते यायच्या आधी दोघांनी ज्वारीची दारू घेतली. ग्लासाला ग्लास लावताना मिननं सवयीनं आपला खाली धरला, धाकट्यानं मान देताना धरायचा तसा. सर तापलेच!

"समतेवर प्रबंध लिहितेस आणि हे काय? माझ्या बरोबरीनं धर!"

"नको ना सर, बरं दिसत नाही."

"मी सांगतोय ना? मग ऐकायचं!"

झालं! आता गुरूचाच हुकूम की समतेनं वाग. मिन काय करणार बिचारी, धरला बरोबरीनं.

तेवढ्यात डीन आले. दोघंही उठले. बियान सरांनी चटकन आपला ग्लास डीनच्या ग्लासाखाली घातला. डीननंही विनयानं आपला खाली घेतला. सर आणखी खाली. मिन सरांच्या बरोबरीनं. ग्लास ताटातल्या मिरचीतल्या माशाच्या डोक्यापाशी आले, टेबलाच्या कडेखाली गेले, शेवटी सर उकिडवे, शेजारी मिन उकिडवी!

"अगं, काय चाललंय तुझं?" सर दातओठ खात पुटपुटले.

"बरोबरीनं धरलाय, सर."

"आत्ता नाही गं बाई!"

"मग समता नक्की कधीपासून, सर?"

वरून डीन वाकून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी!

"बियान, काय पोरगी घडवलीस रे! गुरू वाकला तिथवर शिष्या वाकली. प्रबंधात नसेना का, अंगात मान आहे! उद्याच सही करतो. फक्त आजचा हा प्रसंग शेवटच्या प्रकरणात आला पाहिजे. गुरुभक्तीचं उदाहरण म्हणून."

मिननं तोंड उघडलं. "पण डीनसर, मी तर..."

बियान सरांनी तिच्या पायावर पाय दिला.

मिननं सरांकडं पाहिलं, डीनकडं पाहिलं, गोड हसून "आभारी आहे, सर" म्हणाली आणि आपला ग्लास दोघांच्याही खाली न्यायला लागली. किती खाली? थेट फरशीवर टेकवला!