गोब्र्याचं उपोषण

पाच दिवस झाले, गोब्र्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि बुधाजी कोळ्यालाही भाकरी गोड लागत नव्हती. गोब्रा काही त्याचा सोयरा नव्हता. थळच्या खडकांत गरीला लागलेला हातभर लांबीचा, तपकिरी ठिपक्यांचा मासा तो. एरवी बुधाजीनं त्याचं काय केलं असतं हे सांगायला नकोच. पण हा गोब्रा सरकारी होता. नवं राज्य होऊन अजून वर्षही झालं नव्हतं, आणि काहीतरी करून दाखवायचं म्हणून मत्स्यखात्यानं अलिबागच्या किनाऱ्यावर पत्र्याची शेड उभारून प्रदर्शन मांडलं होतं. शेडच्या मधोमध मुंबईहून आणलेल्या काचांची टाकी, टाकीत समुद्राचं पाणी, पाण्यात गोब्रा, आणि गोब्र्याच्या दिमतीला बुधाजी, तोही हंगामी. उद्घाटनाला उपमंत्री येणार होते. त्यांच्यासमोर मासा जिवंत राहिला आणि जेवला, तर बुधाजी कायम होणार होता. कायम म्हणजे भर पावसाळ्यातसुद्धा पगार. होड्या वर ओढून ठेवल्यावर चार महिने पगार खाणारा माणूस थळच्या कोळीवाड्यानं अजून पाहिला नव्हता.

म्हणून कोळीवाड्यानं त्याची टिंगलही पोटभर केली. "बापजाद्यांनी म्हावरं मारलं, आनि ह्यो म्हावऱ्याला घास भरवतंय!" असं त्याची बायको मैना हिला दारोदार ऐकून घ्यावं लागे. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती अलिबागेच्या बाजारात बसायची. ती म्हणे, "हसूद्या. आषाढात हसतील तं बघू."

प्रदर्शनाचे अधीक्षकसाहेब देशावरून बदलून आलेले. समुद्र त्यांनी पुस्तकात वाचला होता आणि गेल्या जूनपासून लांबून पाहिला होता. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, अशी ते घंटा वाजवत आणि बुधाजीनं मेलेल्या मासळीचे तुकडे टाकीत टाकायचे. तुकडे तळाशी जात, कुजत, पाणी गढूळ होई. टाकीच्या चारी बाजूंना काच, चारी कोपऱ्यांना मोठाले दिवे, तळाला पांढरीशुभ्र वाळू. गोब्रा एका कोपऱ्याला पर मिटून बसलेला, अंगावरचे ठिपके उडालेले, कल्ले मात्र भात्यासारखे चाललेले.

"साहेब, ह्याला कपार पायजे," बुधाजीनं एकदा धीर करून सांगितलं. "गोब्रा खडकाचे कपारीन ऱ्हातंय. उगड्यावर बसवलाव म्हनून भितंय. दिवे काढा, दगड टाका, जित्ती कोलंबी सोडा. आनि चार दिस कोनी बघू नका."

"बघू नका?" साहेब उडालेच. "अरे, प्रदर्शन आहे हे! लपलेला मासा दाखवायला सरकारनं काचा आणल्या का?"

त्यांचंही खरंच होतं. लपलेले मासे समुद्रात हवे तेवढे होते, त्यांना अधीक्षक लागत नव्हता.

सहाव्या दिवशी साहेबांनी घाबरून वर कळवलं : सदर मासा अन्न घेत नाही. तो काळ असा की कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या दारात कोणी ना कोणी उपोषणाला बसलेलंच असे, रस्त्यासाठी, शाळेसाठी, सीमेसाठी. वरच्या कचेरीतल्या कारकुनाचा हात त्या कामाला इतका सरावला होता की त्यानं नेहमीचं उत्तर धाडलं : उपोषणकर्त्याच्या मागण्या कळवाव्यात आणि रोज वैद्यकीय तपासणी व्हावी. वरून आलेल्या कागदाला चुकला म्हणायची साहेबांची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. नाडी कुठे बघायची म्हणून टाकीभोवती दोनदा फिरले आणि "प्रकृती चिंताजनक, मनोधैर्य उत्तम" असं लिहून चहा घेऊन गेले.

ही बातमी बाळाजीदादांच्या कानावर गेली आणि ते हार घेऊनच धावले. बाळाजीदादा पुढारी. स्वतः तीनदा उपोषणाला बसलेले, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या संध्याकाळी पोटानं दगा दिलेला. सात दिवसांचा उपोषणकर्ता आपल्या तालुक्यात पाहून त्यांचे डोळे भरून आले.

"कशासाठी बसलाय हा?" त्यांनी विचारलं, आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "कोळ्यांच्या बर्फाच्या कारखान्यासाठी!"

मागणी खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. बर्फ नसल्यामुळे रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचची वाट बघत पाट्याच्या पाट्या मासळी नासत होती. कोळणी वर्षानुवर्षं ओरडत होत्या आणि कोणी ऐकत नव्हतं. माशानं नुसतं तोंड मिटलं, आणि सगळ्या तालुक्याला ऐकू गेलं.

मग काय! घोषणा झाल्या, ढोल आले, टाकीवर हार चढले, पोरं काचेवर थापा मारू लागली. त्या संध्याकाळी गोब्रा एकदा कुशीवर कलंडला, आणि बुधाजीनं काचेवरची पोरं हाकलली. नोकरीचं भय होतंच, पण ते एकटंच नव्हतं. आयुष्यभर त्यानं हजारो मासे मारले, पण एकाच झटक्यात. हे असं दिव्याखाली बसवून, टाळ्या वाजवून जीव घेणं त्याला बघवेना. त्याला त्या मुक्या जिवाची दया आली आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

आणि तिथेच त्याला युक्ती सुचली. जे माशासाठी मागून मिळालं नव्हतं, ते उपोषणकर्त्यासाठी मागायचं.

तो बाळाजीदादांकडे गेला. "दादा, उपोषनाला मंडप नाय, काय सांगावं! तुमचे टायमाला केवढा मंडप व्हता." दादांना पटलं. तासाभरात टाकीच्या चारी बाजूंनी जाड खादी लागली आणि आत अंधार झाला. मग तो साहेबांकडे गेला. "साहेब, उपोषनवाल्याला बसाला आसन पायजे." कागदोपत्री आसनाला मनाई नव्हती. बुधाजीनं थळहून कपारीचे दोन मोठे दगड आणून आत ठेवले. रोजच्या स्नानाला म्हणून सकाळ-संध्याकाळ निम्मं पाणी काढून ताजं भरायचीही परवानगी घेतली. शेवटी तो दादांना हळूच म्हणाला, "आता त्यानं मौन धरलंय." झालं! दादांनी ढोल बंद केले, शेडच्या दारावर दोन कार्यकर्ते उभे केले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करायला लावलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे बुधाजीनं खाडीतली जिवंत कोळंबी मूठभर आत सोडली आणि खादीच्या फटीला डोळा लावून श्वास रोखून बसला. बराच वेळ काही नाही. मग दगडाच्या कपारीतून एक जाड ओठ बाहेर आला. एक कोळंबी उडी मारून पुढे गेली, आणि गप्पकन नाहीशी झाली. मागून दुसरी. अंगावरचे ठिपके पुन्हा गडद झालेले. बुधाजी तोंडात टॉवेल कोंबून हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. पोटच्या पोरानं तापातून उठून पेज मागावी तसं त्याला झालं.

पण ही आनंदाची गोष्ट सांगायची कोणाला? मासा उपाशी म्हणून उपमंत्री आता नुसते उद्घाटनाला येत नव्हते. ते उपोषण सोडवायला आणि कारखाना जाहीर करायला येत होते. बुधाजीनं मैनेला चाचपून पाहिलं. "समज, तो जेवला, तं?"

"जेवल कसा?" मैना कडाडली. "बर्फ हुईपरत त्याला उपाशी ऱ्हाऊंदे. मरला तं मरूंदे. माजी पाटी कवा नासली, तवा कोन रडला?"

 तिचं बोलणं बुधाजीला चूक वाटलं नाही, आणि तरी पटलंही नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला कार्यक्रम समजावला. भाषण, हार, आणि मग उपमंत्री स्वहस्ते मोसंबीचा रस देऊन उपोषण सोडवतील. अख्खा तांब्या, टाकीत.

"साहेब, मासा मरल!"

"चमचाभर फोटोत दिसत नाही, बुधाजी. आणि रस्त्यावरची माणसंसुद्धा रसानंच सोडतात, त्यातलं कोण मेलंय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना, ओहोटीला, एक कोळी पाण्याची बादली घेऊन अलिबागसमोरच्या कुलाब्याच्या किल्ल्याच्या खडकांकडे चालताना दिसला असेल. पण कोळी बादली घेऊन समुद्राकडे निघाला यात बघण्यासारखं काय? खडकांतल्या खोल पाण्यात बुधाजीनं बादली हळूच आडवी केली. गोब्रा क्षणभर थांबला आणि कपारीत शिरला. आपली कायमची नोकरी तिथंच बुडाली असं धरून बुधाजी रिकामी बादली घेऊन परत आला, आणि त्याला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

समारंभ थाटात झाला. समोरची खादी दूर झाली, उपमंत्र्यांनी तांब्या ओतला, आणि टाकीत उरलेल्या दहा-बारा कोळंब्या रसानं पोळून तडातडा उडू लागल्या. पाणी खळबळलं. "प्याला! प्याला!" बाळाजीदादा ओरडले आणि ढसाढसा रडले. टाळ्या झाल्या. मासा पाहिला का, असं कोणी कोणाला विचारलं नाही. कारखाना जाहीर झाला, दादा त्याच्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि आठवड्यानं बुधाजी कायम झाला. शेडला मत्स्यालय म्हणू लागले. साहेबांनी एकदा टाकीत डोकावून पाहिलं, बुधाजीकडे पाहिलं, आणि खादी नीट ओढून घेतली. लोकांना सांगायचं ठरलं, मासा विश्रांती घेतोय.

आषाढ आला. होड्या वर ओढल्या, घराघरात चुली थंड पडू लागल्या. बुधाजीच्या घरात पगार होता, आणि जेवायला बसलं की शेजारच्या घरातून पोरांचं रडणं ऐकू येई. कारखान्याचा पायाही खणला नव्हता. कोळणींनी जाऊन दादांना विचारलं, तर दादा म्हणाले, "मागणी उपोषणकर्त्याची होती. त्यानं समाधानानं रस घेतला, प्रकरण मिटलं."

"बरं," मैना म्हणाली, आणि वीस कोळणी मत्स्यालयाच्या दारात उपोषणाला बसल्या.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. मंडप आला नाही, डॉक्टर आला नाही, हार तर दूरच. साहेब शिपायाला सांगताना बुधाजीनं ऐकलं, "वर काय कळवू? कोळणी पावसात उपाशीच असतात, त्यात विशेष ते काय?"

तिसऱ्या दिवशी पाच वाजता साहेबांनी घंटा वाजवली. बुधाजी बाहेर आला, बायकांच्या रांगेपाशी घुटमळला, आणि मैनेच्या शेजारी ओल्या जमिनीवर मांडी घालून बसला. मैनेनं त्याच्याकडे पाहिलं आणि थोडी सरकून जागा दिली.

साहेब छत्री घेऊन धावत आले. "बुधाजी, वेडा झालास? उठ! माशाला खायला कोण घालणार?"

"मासा जेवतंय, साहेब. टाकीन नाय, कुलाब्याचे खडकान. रस पाजलाव त्याचे आदीपासून टाकी रिकामी हाय."

मैनेनं मान वळवली.  साहेबांनी आजूबाजूला पाहिलं, छत्री खाली घेतली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोल, लोक ऐकतायत."

बुधाजीनं तेच पुन्हा सांगितलं, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.