सासू, जावई आणि दुपारची बोट

भर दुपारी सरोवरावर अंधारून आलं, आणि दोर्सिलाचा जावई ओगवेनो तिच्या घराबाहेर वळचणीला भिजत उभा राहिला. आत यायची त्याची टाप नव्हती. सासू-जावयाने एका छपराखाली बसायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही, हात तर चुकूनही लागू द्यायचा नाही. नियम मोडला की तो पोराबाळांना भोवतो, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण दोर्सिलाने कधी जावयाकडे धड मान वर करून पाहिलं नव्हतं. काही सांगायचं झालंच तर ती लेकीला, अकेयोला, फोनवर सांगायची आणि अकेयो नवऱ्याला. फोन आल्यापासून हे फारच सोयीचं झालं होतं.

आज त्याच फोनने दगा दिला. टेकडीवरच्या टॉवरपाशी वीज कडाडली, त्यासरशी नेट गेलं, रेंजही गेली. अकेयोला आठवा महिना. तपासणीसाठी काल ती सरोवरापलीकडे म्बिताला गेली होती, मावशीकडे राहिली होती. दुपारची बोट एव्हाना सुटली असणार. अकेयो त्या बोटीत आहे की नाही, एवढंच दोर्सिलाला कळायला हवं होतं, आणि नेमकं तेच सांगणारं कोणी नव्हतं. ती फोन खिडकीत धरून बघत होती, पदराने पुसत होती, जणू पुसल्याने रेंज येते.

गारा पडायला लागल्या. पत्रा असा वाजू लागला की कानठळ्या बसाव्यात.

"ए शेळे," कोपऱ्यात बांधलेल्या शेळीकडे बघत दोर्सिला ओरडली, "बाहेरच्या माणसाला सांग, गारांनी टाळकं फुटलं तर लेकीला मी काय तोंड दाखवू? आत या म्हणावं."

ओगवेनो आत आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"शेळीबाई," तो भिंतीला म्हणाला, "आईंना सांगा, घोर लावून घेऊ नका. अकेयो बोटीत नाहीच. सकाळी ढगांचा रंग बघूनच मी तिला आवाजी निरोप धाडला, आज निघू नकोस म्हणून."

दोर्सिला शेळीकडे वळली.

"शेळे, विचार त्यांना, तिने ऐकला का तो?"

"पोचला होता. दोन टिक आल्या होत्या. निळ्या झाल्या नव्हत्या. ऐकला असेल हो, सवडीने ऐकते ती."

सकाळी दोर्सिलानेही लेकीला लिहून निरोप धाडला होता. दवाखान्यातले लोक ठेवून घेतील, पोट फाडतील, दुपारच्या बोटीने मुकाट्याने घरी ये, असा. आणि लेकीचं उत्तरही आलं होतं. 'बरं आई.'

हे शेळीला कसं सांगायचं? तिने सरळच सांगितलं. जे होतं ते, एका दमात.

ओगवेनो गर्रकन वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने सासूच्या डोळ्यांत पाहिलं.

"मला सांगायचं होतंत ना, आई!"

"कसं सांगणार? तुम्हाला सांगायचं तर तिलाच सांगावं लागतं!"

दोघं शहाणी माणसं, बेटाच्या दोन टोकांना बसून एका पोरीला दोन दिशांना ओढत होती, आणि दोघांनाही आपापलं बरोबर वाटत होतं.

तेवढ्यात गारांच्या आवाजामागून इंजिनाची घरघर आली. बोट! पण दिसत काहीच नव्हतं. धक्क्याच्या डाव्या अंगाला खडक होते, आणि आवाज तिकडूनच येत होता.

ओगवेनो बाहेर धावला. दोर्सिलाने चुलीवरचं मोठं पातेलं उपडं केलं, मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा राखेत पडला तर पडू दिला, पातेलं पदरात धरलं, लाकडी डाव उचलला आणि तीही धावली. उतारावर तिचा पाय सटकला. ओगवेनोने हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला, आणि तसंच तिला ओढत त्याने धक्क्यावर नेलं. पातेलं त्याने उंच धरलं, तिने ते जीव खाऊन बडवलं.

"इकडे! आवाजाकडे या! पुढे खडक आहेत!"

घरघर थांबली. पुन्हा सुरू झाली. पावसातून बोटीचं नाक दिसलं, आणि मग गारठलेली माणसं एकेक करून उतरू लागली. दोर्सिला प्रत्येकीच्या डोक्यावरचं फडकं बाजूला करून तोंड बघत होती. बोट रिकामी झाली. अकेयो नव्हती.

"माझी पोर कुठाय?" तिने बोटवाल्या म्बोयाची गचांडी धरली.

"बसली होती," म्बोयाचे दात वाजत होते. "माझ्या शेजारीच बसली होती..."

ओगवेनोच्या हातातलं पातेलं पडलं.

"अहो, ऐका तर! बोट सुटायच्या आधी तिने फोन कानाला लावला आणि उतरून गेली. म्हणाली, आई म्हणते ये, नवरा म्हणतो नको. आधी त्या दोघांनी एकमेकांशी बोलावं, मग मला सांगावं. तोवर मी मावशीकडे झोपा काढते."

दोर्सिला चिखलातच बसली आणि ढसाढसा रडली. रडतारडता तिला हसू आलं. पोर कोणाच्या वळणावर गेली ते काही विचारायला नको होतं. ओगवेनोने तिला धरून उठवलं, तेव्हा म्बोयाने शहाण्यासारखी मान फिरवली.

"आई," ओगवेनो हळूच म्हणाला, "हात लागला. बाळाला काही..."

"भोवायचंच असेल तर मला भोवू दे. मी बोलेन देवाशी." तिने नाक पुसलं. "रेंज आली की निरोप तुम्ही धाडा. मला ते आवाजी जमत नाही."

"काय सांगू?"

दोर्सिलाने पाण्यापलीकडे पाहिलं. तिकडे अजून काहीच दिसत नव्हतं.

"तिथेच राहा म्हणावं, बाळ होईस्तोवर. पोट फाडायचं म्हणाले तर फाडू दे म्हणावं. आणि सांगा, आम्ही दोघं मिळून सांगतोय."